एकसष्टाचे कोडे आणि पाटणचा मठ

आजचे भाषण एका संख्येविषयी आहे. संख्या अशी : १,७६,६३,१९,०४९. आपल्या रीतीने वाचायची तर एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास. ही कुठल्या अंदाजपत्रकातली रक्कम नव्हे, की शिरगणतीतला आकडा नव्हे. मोजून किंवा मापून ती कोणाच्या हाती लागलेली नाही. एका प्रश्नाचे उत्तर म्हणून ती भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आली, तो काळ इ. स. ११५० च्या सुमाराचा. आणि त्या ग्रंथकाराच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी जो मठ स्थापन केला, तो आपल्याच डोंगररांगेत, चाळीसगावजवळच्या पाटणला. म्हणून ही संख्या परकी समजण्याचे कारण नाही.

प्रश्न सांगायला फार सोपा आहे. एखादी पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्या वर्गाला ६० ने गुणा आणि गुणाकारात १ मिळवा. जे येईल ते पुन्हा कोणाचा तरी पूर्ण वर्ग असले पाहिजे. शून्य घेऊन पळवाट काढायची नाही. ६० च्या बाबतीत शाळेतला पोरगाही उत्तर काढील. ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, एक मिळवला की ९६१, आणि हा ३१ चा वर्ग. आता ६२ घ्या. ८ चा वर्ग ६४, बासष्टपट ३९६८, एक मिळवून ३९६९, हा ६३ चा वर्ग. ६३ घेतले तर त्याहूनही सोपे : एकाचा वर्ग एक, त्रेसष्ट आणि एक चौसष्ट, झाला आठाचा वर्ग.

मध्ये राहिले ६१. अलीकडचे आणि पलीकडचे घर एका चुटकीसरशी उघडले, तेव्हा हेही उघडेल असे कोणालाही वाटेल. करून पाहा. दहापर्यंत करा, शंभरापर्यंत करा, हजारापर्यंत करा. लाखापर्यंत गेलात तरी उत्तर येणार नाही. पहिले उत्तर येते ते २२,६१,५३,९८० या संख्येशी. दर सेकंदाला एक याप्रमाणे, झोप न घेता, जेवायला न उठता कोणी एकामागून एक संख्या तपासू लागला, तर त्याला तिथे पोहोचायला सात वर्षे आणि वर दोन महिने लागतील. या संख्येचा वर्ग करून त्याला ६१ ने गुणले आणि त्यात १ मिळवला, म्हणजे जो पूर्ण वर्ग होतो त्याचे मूळ म्हणजे आपली १,७६,६३,१९,०४९.

खरे-खोटे करायचे असेल त्यांच्यासाठी तो वर्गही सांगून ठेवतो : ३११९८८२९८२८६०२६४४०१. एवढा गुणाकार करण्याचा कंटाळा असेल तर जुन्या पंतोजींच्या पद्धतीने नवाचा ताळा पाहावा. २२६१५३९८० यातले सगळे अंक मिळवले तर ३६ होतात, म्हणजे नवाने भागून बाकी शून्य. तेव्हा त्याच्या वर्गाची एकसष्टपट केली तरी बाकी शून्यच, आणि एक मिळवल्यावर बाकी एक. दुसऱ्या बाजूला १७६६३१९०४९ यातील अंकांची बेरीज ४६, चार नि सहा दहा, बाकी एक. तिचा वर्गही एकच. ताळा जुळला. ताळा जुळला म्हणजे गणित बरोबरच असते असे नाही, पण चुकले असते तर बहुधा इथेच पकडले गेले असते.

या एकोणीस आकडी वर्गात एक गंमत आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'च्या आरंभी संख्यांची स्थाने सांगितली आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मोजून अठरा. व्यवहाराला एवढी पुरेत असा त्यांचा हिशेब. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आणि त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथातल्या एका उदाहरणाचा ताळा करायला बसले, तर परार्धाचेही स्थान पुरत नाही, एकोणिसावे घर लागते. एकतीस परार्ध म्हणून वेळ मारून नेता येते, ही गोष्ट वेगळी.

आता खुद्द संख्येकडे पाहू. हिला ११ ने निःशेष भाग जातो, म्हणजे ती मूळ संख्या नव्हे. पण तिचे खरे वैशिष्ट्य तिच्या शेजाऱ्यांत आहे. तिच्यातून एक वजा केला तर १७६६३१९०४८ येतात, आणि ही संख्या म्हणजे २९७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट. एक मिळवला तर १७६६३१९०५० येतात, आणि ही ३८०५ च्या वर्गाची बरोबर एकशे बावीसपट, म्हणजे एकसष्टाच्या दुपटीने गुणलेला वर्ग. एका अंगाला एका वर्गाची दुप्पट, दुसऱ्या अंगाला दुसऱ्या वर्गाची १२२ पट, आणि मधल्या एकाच जागेवर ही संख्या बसलेली. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी आयुष्यभर संख्यांच्या अशा खोड्या गोळा केल्या. अशा जागा दिसल्या की त्यांची आठवण होते. हे शेजारी योगायोगाने जमलेले नाहीत, हे पुढे ध्यानात येईल.

"पण याचा उपयोग काय?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. एक उपयोग ताबडतोब दाखवता येतो. ६१ चे वर्गमूळ पुरे कधी निघत नाही, दशांशचिन्हापुढे आकडे चालतच राहतात. परंतु १७६६३१९०४९ ला २२६१५३९८० ने भागले, तर दशांशाची सतरा स्थळे अचूक मिळतात. हे झाले. पण मला नाही वाटत की उत्तर शोधणारा या सतरा स्थळांसाठी बसला होता. शेतजमीन मोजायला काय, ग्रहगणित करायला काय, इतके सूक्ष्म मूळ त्या काळी कोणालाच नको होते. प्रश्न समोर आला आणि तो सोडवल्याशिवाय राहवेना, एवढेच कारण मला तरी पटते.

या जातीच्या प्रश्नाला आपल्याकडे 'वर्गप्रकृती' म्हणत. ज्याने गुणायचे ती प्रकृती, म्हणजे इथे ६१. लहान मूळ ते कनिष्ठ, मोठे ते ज्येष्ठ, आणि मिळवायचा तो क्षेप. प्रश्न भास्कराचार्यांचा नव्हे. त्यांच्यापूर्वी पाचशेहून अधिक वर्षे, ६२८ मध्ये, भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त तो घेतलेला आहे. ९२ ही प्रकृती देऊन, वर्षभराच्या आत जो उत्तर काढील तो गणिती, अशी अटही त्याने घातली. उत्तर कनिष्ठ १२०, ज्येष्ठ ११५१. ब्रह्मगुप्ताची मोठी देणगी म्हणजे 'भावना'. एका प्रकृतीची दोन अर्धीमुर्धी उत्तरे हाताशी असली, क्षेप कसलेही असले, तरी त्यांच्या तिरप्या गुणाकारांनी तिसरे उत्तर तयार करता येते, आणि तिसऱ्याचा क्षेप हा पहिल्या दोघांच्या क्षेपांचा गुणाकार असतो. म्हणजे उत्तरांना उत्तरे होतात. परंतु क्षेप एकावर नेऊन ठेवायचा नेमका मार्ग त्यात नव्हता. कुठे जमे, कुठे अडे.

तो मार्ग म्हणजे 'चक्रवाल'. हाही सर्वस्वी भास्कराचार्यांचा असे म्हणणे बरोबर होणार नाही. या रीतीला चक्रवाल म्हणतात, असे ते स्वतःच सांगतात, म्हणजे नाव आधीचे. लखनौचे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. उदयदिवाकराच्या १०७३ च्या 'सुंदरी' टीकेत जयदेव नावाच्या गणित्याचे श्लोक उतरवलेले आहेत, आणि त्यांत ही चक्राची रीत आलेली आहे. भास्कराचार्यांचा मोठेपणा यामुळे कमी होतो असे मला वाटत नाही. रीत असणे ही एक गोष्ट. नेमके ६१ हेच उदाहरण निवडून, ती रीत कशी बिनतक्रार चालते ते दाखवणे ही दुसरी. अलीकडे-पलीकडे साठ आणि बासष्ट असताना जो ६१ वर बोट ठेवतो, त्याला काय दडले आहे ते ठाऊक होते.

रेडिओवर गणित करून दाखवणे म्हणजे अंधारात विटी-दांडू खेळण्यासारखे आहे, तरी चक्र कसे फिरते ते थोडक्यात सांगतो. छापील पुस्तिका हाती आल्यावर सावकाश ताडून पाहावे.

आरंभ कुठूनही करा. १ चा वर्ग, त्याची एकसष्टपट ६१, त्यात ३ मिळवले की ६४, आठाचा वर्ग. म्हणजे कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आपल्याला क्षेप १ हवा, मिळाला ३. आता अशी एक संख्या निवडायची की तिने कनिष्ठाला गुणून ज्येष्ठ मिळवले तर बेरजेला तिनाने भाग जावा. १, ४, ७, १० अशा किती तरी चालतील. त्यांतली अशी घ्यायची की जिचा वर्ग ६१ च्या जास्तीत जास्त जवळ असेल. सात साती एकोणपन्नास, ६१ ला १२ कमी. दहाचा वर्ग शंभर, तो ३९ ने दूर. तेव्हा सात. आठ नि सात पंधरा, तिनाने भागून ५, हे नवे कनिष्ठ. ४९ वजा ६१ म्हणजे उणे १२, तिनाने भागून उणे ४, हा नवा क्षेप. आणि नवे ज्येष्ठ ३९. ताडून पाहा : पाचाचा वर्ग २५, एकसष्टपट १५२५, चार उणे केले की १५२१, एकोणचाळिसाचा वर्ग. चक्राचा एक फेरा झाला.

इथून फेरे चालू ठेवले तरी उत्तर येते. पण क्षेप उणे चार आला की ब्रह्मगुप्ताची भावना उपयोगी पडते, आणि भास्कराचार्य तीच वाट धरतात. दोन्ही मुळे निम्मी करायची, म्हणजे क्षेप चौथाईवर येतो. ५ चे झाले अडीच, ३९ चे साडेएकोणीस, आणि क्षेप उणे एक. ज्यांनी लहानपणी अडीचकी आणि औटकी घोकली आहे, त्यांना इथे घरच्यासारखे वाटावे. अडीचाचा वर्ग सव्वासहा, त्याची एकसष्टपट तीनशे सव्वाएक्याऐंशी, एक उणे केला की तीनशे सव्वाऐंशी, आणि तो बरोबर साडेएकोणिसाचा वर्ग. आता या जोडीची तिच्याशीच भावना केली की कनिष्ठ साडेसत्त्याण्णव आणि ज्येष्ठ सातशे साडेएकसष्ट येते, क्षेप अधिक एक. अपूर्णांक आहे म्हणून हे उत्तर चालत नाही. या जोडीची पहिलीशी भावना केली की अर्धे नाहीसे होतात आणि मिळतात ३८०५ आणि २९७१८. ओळख पटली? मघाचे शेजारी ते हेच. यांचा क्षेप मात्र उणे एक. म्हणून शेवटची एक भावना त्यांची त्यांच्याशीच : २९७१८ आणि ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट २२६१५३९८०, आणि २९७१८ च्या वर्गाच्या दुपटीत एक मिळवून १७६६३१९०४९.

चक्राचा एक फेरा आणि तीन भावना. सात वर्षांचे काम एका पाटीवर.

जर्मन पंडित हांकेल याने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या इतिहासग्रंथात, लाग्रांजपूर्व अंकशास्त्रातली सर्वांत सुंदर कृती म्हणून चक्रवालाला मान दिला. तेव्हापासून आपल्याकडे भाषणांत हे नाव छाती फुगवून घेण्याची पद्धत पडली. छाती जरूर फुगवावी, पण दोन गोष्टी सोडून देऊ नयेत. हे चक्र नेहमी थांबतेच, कोणतीही प्रकृती घेतली (ती स्वतः वर्ग नसली) तरी क्षेप एकावर येतोच, हे आपल्या ग्रंथांत सिद्ध केलेले नाही. उदाहरणामागून उदाहरण सुटत गेले आणि विश्वास बसला. प्रत्येक प्रकृतीला उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांजने १७६८ च्या सुमारास दिली. साठाला, बासष्टाला चटकन उत्तर आणि ६१ ला दहा आकडी, असे का, तेही त्या विचारातून कळते. वर्गमूळ अपूर्णांकांच्या पोटात अपूर्णांक अशा उतरंडीत मांडले, तर ठरावीक पायऱ्यांनंतर तेच आकडे पुन्हा येतात. ६० च्या मुळाला चार पायऱ्या पुरतात, ६२ च्या मुळालाही चार. ६१ च्या मुळाला अकरा लागतात, आणि अकरा हा विषम असल्याने एका फेरीत क्षेप उणे एकावर थांबतो आणि दुसरी फेरी घ्यावी लागते.

आता जरा गणित खाली ठेवू आणि पोथी कुठे कुठे गेली ते पाहू.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४. गाव विज्जडविड, सह्याद्रीच्या आश्रयाचे. ते गाव कोणते यावर वाद पुष्कळ झाले आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'च्या इतिहासातही त्याचा ऊहापोह केला आहे. वाद नसलेली जागा पाटणची. तिथल्या शिलालेखात या घराण्याची पिढीवार माहिती कोरलेली आहे. महेश्वराचा पुत्र भास्कर, भास्कराचा लक्ष्मीधर, लक्ष्मीधराचा चंगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपाल याने आपल्याकडे नेले, आणि चंगदेव पुढे सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. त्याने आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणि' आदी ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ घातला, आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवाने शके ११२९ च्या सुमारास, म्हणजे १२०७ मध्ये, त्याला दान दिले.

या शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, प्रत्यक्ष उत्पन्न लावून देण्याची वेळ आली तेव्हा, भाषा मराठी होते. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जी पट्टी मिळायची ती मठाला दिली, असा व्यवहार त्यात लिहिला आहे. स्तुती संस्कृतात आणि पट्टी मराठीत! ज्यांनी पैसा द्यायचा त्यांना समजले पाहिजे, हे लिहिणाऱ्याने ओळखले होते. मला या शिलालेखातला हा भाग फार आवडतो. बाजारात धान्य-कापड घेणाऱ्या माणसाच्या हातून निघालेल्या पट्टीवर चक्रवाल शिकवण्याची सोय झाली.

पाटणाहून ही अजिंठ्याची डोंगररांग पूर्वेकडे चालत येते. शे-सव्वाशे किलोमीटरांवर, घाट उतरल्या उतरल्या, डोंगराच्या पायथ्याशी आमचे रोहिणखेड लागते. आज ते बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यात मोडते. इतिहासाच्या पुस्तकात रोहिणखेड येते ते लढायांमुळे आणि १५८२ साली खुदावंदखान महदवी याने बांधलेल्या मशिदीमुळे. पहिली लढाई १४३७ ची, बहमनी सेनापतीने खानदेशच्या नासीरखानाला इथे गाठून मोडले ती. दुसरी १५९०-९१ च्या सुमाराची. अहमदनगरच्या गादीवर मुलाला, इस्माईलला, बसवून जमालखान कारभार पाहत होता. बाप बुऱ्हाण बाहेर होता. त्याने खानदेशच्या राजा अलीखानाची मदत घेतली आणि रोहिणखेडला जमालखानाशी गाठ पडली. जमालखान पडला, मुलगा बापाच्या हाती लागला आणि बाप गादीवर बसला.

या लढाईचा आणि आपल्या गणिताचा संबंध काय? संबंध एका माणसाचा. लढाई जिंकणाऱ्या याच दोघांकडे, बुऱ्हाणपूरला राजा अलीखानाकडे आणि अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाकडे, १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून कवी फैजी दक्षिणेत आला. आणि हा फैजी म्हणजे 'लीलावती'चा फारसी अनुवादक. अनुवाद १५८७ चा, अकबराच्या आज्ञेवरून केलेला. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, तिच्या लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेले मोती आणि चुकलेली वेळ, ही जी गोष्ट आपण सगळे ऐकत आलो, ती या फारसी अनुवादाच्या प्रस्तावनेतून आलेली आहे. संस्कृत ग्रंथात ती नाही. तेव्हा पुढे कोणी ती सांगू लागला, तर गोष्ट म्हणून ऐकावी, चरित्र म्हणून नको. भास्कराचार्यांचा ग्रंथ फारसीत नेणारा हा कवी दक्षिणेत आला तो तहाच्या बोलण्यांसाठी, आणि ज्या मुलखात तो राहिला तो त्या ग्रंथकाराच्या नातवाच्या मठाचा शेजार. राजकारणाच्या बखरीत या गोष्टीला जागा नाही. गणिताच्या बखरीत असायला हवी.

'बीजगणित' फारसीत गेले ते पुढच्या शतकात, शाहजहानच्या कारकिर्दीत, १६३४-३५ मध्ये. अनुवादक अताउल्ला रशीदी, ताजमहालाचा शिल्पकार उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. औरंगाबादेच्या बीबी का मकबऱ्याच्या दारावर शिल्पी म्हणून अताउल्लाचे नाव आहे, तो हाच असे मानले जाते. मकबरा पाहायला शाळांच्या सहली जातात. ज्या हाताने तो घुमट आखला, त्या हाताने भास्कराचार्यांचे बीजगणित फारसीत उतरवले होते, हे मुलांना सांगावे.

आता तारखा जुळवून पाहा. १६३४-३५ मध्ये हा ग्रंथ फारसीत उपलब्ध आहे. त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी, फेब्रुवारी १६५७ मध्ये, फ्रान्समधला फर्मा हा न्यायाधीश आपल्या फ्रेनिक्ल नावाच्या मित्राला पत्र लिहितो आणि हाच प्रश्न घालतो. उदाहरणे दोन : ६१ आणि १०९. फार त्रास पडू नये म्हणून लहान संख्या घेतल्या आहेत, अशी मखलाशीही जोडतो! पाचशे वर्षांच्या आणि हजारो कोसांच्या अंतराने दोन गणिती नेमके ६१ वरच येऊन थांबले. इंग्लंडात हे आव्हान पोहोचले, लॉर्ड ब्राउंकर आणि वॉलिस यांनी आपली रीत बसवली. पुढे थोर गणिती ऑयलर याच्या हातून हे काम जॉन पेल याच्या नावावर मांडले गेले. वास्तविक पेलचा या शोधात काही वाटा नव्हता. तरी आजतागायत जगभरच्या पाठ्यपुस्तकांत याला पेलचे समीकरण म्हणतात. एकदा नाव पडले की ते निघत नाही. गावात कोणाला टोपणनाव पडले की सातबाऱ्यावरचे नाव लोक विसरतात, त्यातलाच प्रकार.

युरोपला भास्कराचार्य कळले ते उशिरा. स्ट्रेचीने १८१३ मध्ये फारसीवरून आणि कोलब्रुकने १८१७ मध्ये संस्कृतावरून 'बीजगणित' इंग्रजीत आणले. तोवर लाग्रांजची सिद्धता होऊन पन्नास वर्षे उलटत आली होती. पाटणचा शिलालेख विद्वानांच्या नजरेस आणला तो मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी, आणि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याची माहिती छापली. वैद्यकी करून उरलेल्या वेळात त्यांनी जुने लेख वाचण्याचे हे काम केले. पुढे कीलहॉर्नने त्याचे रीतसर संपादन केले.

या जातीचे प्रश्न कुठवर जातात याची कल्पना यावी म्हणून एकच सांगतो. आर्किमिडीजच्या नावावर गुरांच्या खिल्लाराचे एक जुने ग्रीक कोडे आहे. ते शेवटी वर्गप्रकृतीवरच येऊन ठेपते, आणि त्याचे उत्तर २,०६,५४५ आकड्यांचे आहे. ते सगळे आकडे प्रथम १९६५ मध्ये कॅनडात गणकयंत्राने काढले. त्यापुढे आपली दहा आकडी संख्या म्हणजे पोर.

राहिले फर्माचे दुसरे उदाहरण, १०९. ज्यांना चक्र स्वतः फिरवून पाहायचे असेल त्यांनी हे घ्यावे. आरंभ सोपा : कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप उणे ९. पहिल्या फेऱ्याला ८ घ्या, क्षेप ५ येईल. दुसऱ्याला १२ घ्या, क्षेप ७ येईल. तिसऱ्याला ९ घ्या की कनिष्ठ २५, ज्येष्ठ २६१ आणि क्षेप उणे ४. इथून पुढे वर सांगितलेली अडीचकी-औटकीची वाट, म्हणजे निम्मे करायचे आणि तीन भावना. पाटी मोठी घ्या. ज्येष्ठ पंधरा आकडी येते, आणि त्याचे शेवटचे तीन आकडे २४९ आहेत.